दीर्घ आजारात मैत्री कशी सांभाळावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या नाशिकमध्ये राहतात, त्यांचे वय ३८ आहे आणि त्या महाविद्यालयात शिकवतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आजार, असल्याचे निदान झाले. त्याआधी दर रविवारी मैत्रिणींच्या गटाबरोबर त्या अंजनेरी, रामशेज, हरिहर असे गड चढत असत. आता हाताची बोटे आणि पायांचे घोटे सुजतात, सकाळी तास-दीड तास सांधे आखडलेले राहतात आणि ठरलेल्या भेटी ऐनवेळी रद्द कराव्या लागतात. गटातल्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचा फोन गेले काही महिने आलेला नाही. मैत्री टिकवण्यासाठी काय करावे, आजाराविषयी कोणाला किती सांगावे, मनाला आलेली मरगळ हा आजाराचाच भाग समजावा का, आणि सगळा भार पतीवर पडतो आहे त्याचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

मी या शहरात दीर्घ आजाराच्या रुग्णांबरोबर समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम करते आहे. आमवात, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, पार्किन्सन असे आजार वेगवेगळे असले तरी मैत्रीविषयीची तक्रार मी जवळजवळ तुमच्याच शब्दांत अनेकांकडून ऐकली आहे. त्या अनुभवावरून प्रथम हे सांगते की, आजारामुळे तुटलेल्या मैत्रींपेक्षा आजाराविषयी दोन्ही बाजूंनी मनातल्या मनात बांधलेल्या अंदाजांमुळे सुटलेल्या मैत्री मी कितीतरी अधिक पाहिल्या आहेत. तुम्हाला वाटते, ‘मी सारखी नाही म्हणते, तिला आता माझा कंटाळा आला असेल.’ तिला वाटते, ‘ती सारखी नाही म्हणते, तिला आता आपण नको असू, शिवाय फोन करून तिच्या दुखण्यात आणखी त्रास कशाला द्यायचा?’ दोघीही एकमेकींची गैरसोय टाळण्यासाठी गप्प राहतात, आणि काही महिन्यांनी त्या गप्प राहण्याचीच सवय होऊन बसते. तुमच्या मैत्रिणीच्या मनात नेमके काय आहे हे तिला विचारल्याखेरीज कळणार नाही, आणि विचारण्याचे काम, तब्येत तुमची बिघडलेली असूनही, तुम्हालाच करावे लागेल. हे अन्यायाचे वाटते हे मला मान्य आहे. तरीही माहिती तुमच्याकडे आहे आणि अंदाज तिच्याकडे आहेत, त्यामुळे पहिले पाऊल तुमच्याच बाजूने पडणे सोपे जाते.

हा विषय ‘चार मैत्रिणी भेटल्या की जरा बरे वाटते’ एवढ्यावर सोडून देण्याजोगा नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. तुमच्या आजाराशी थेट निगडित असलेले एक निरीक्षण त्याहून जुने आहे. मायकेल ब्युरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने आमवाताच्याच रुग्णांच्या मुलाखती घेऊन १९८२ साली असे मांडले की, दीर्घ आजार शरीराबरोबरच माणसाने गृहीत धरलेल्या आयुष्याची घडी विस्कटतो. ‘उद्या मी कोण असेन’ याचे उत्तर हातातून निसटते. तुमचा रविवार गेला तेव्हा त्याच्याबरोबर चढण्यातला आनंद, गटातले तुमचे स्थान आणि आठवडाभर जिची वाट पाहावी अशी गोष्ट, हे सगळे एकदमच गेले. त्याचे दुःख होणारच. ‘लोकांना याहून मोठे आजार असतात, माझे काय एवढे’ असे म्हणून ते दाबून टाकू नका. दाबलेले दुःख मैत्रिणींच्या ट्रेकचे फोटो पाहताना चिडीच्या रूपाने बाहेर येते आणि ती चीड शेवटी त्यांच्यावरच निघते.

आता त्या मैत्रिणीला काय लिहायचे ते पाहू. माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्ण बाईंनी अशाच परिस्थितीत पाठवलेला निरोप, त्यांच्या परवानगीने आणि तपशील बदलून, येथे देते: ‘अगं, गेले काही महिने मी प्रत्येक वेळी नाही म्हणत गेले आणि कारण कधी नीट सांगितले नाही. मला तुमच्यात यायचे असते. पण सकाळी अकराच्या आधी माझे सांधे साथ देत नाहीत, आणि कोणत्या दिवशी त्रास वाढेल हे मला आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. बुधवारी संध्याकाळी पाचला कॉलेज रोडला अर्धा तास चहाला भेटशील का? त्या दिवशी जमले नाही तर मी दोन वाजेपर्यंत कळवीन आणि त्याच निरोपात पुढचा दिवस सुचवीन. तुझी फार आठवण येते.’ या निरोपात रडगाणे नाही आणि दोषारोपही नाहीत. इच्छा आहे हे आधी सांगितले आहे, अडचण ठोस शब्दांत आहे, मागणी अर्ध्या तासाची आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भेट रद्द झाली तर काय होईल हेही आधीच ठरवून टाकले आहे. नुसते ‘आज नाही जमणार गं’ एवढेच मैत्रिणीच्या हाती पडते तेव्हा पुढच्या वेळी विचारावे की नाही हे तिला कळत नाही. त्याच निरोपात ‘शनिवारी बघू का?’ असे आले तर तिला पुन्हा विचारायला वाट राहते. रद्द करणे तुमच्या हातात नसले तरी रद्द करण्याची रीत तुमच्या हातात आहे.

इतक्या दिवसांनी अचानक निरोप पाठवला तर तिला अवघडल्यासारखे होईल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. पेगी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमका हाच प्रश्न तपासला होता. आपण आपणहून केलेली विचारपूस समोरच्याला किती भावेल याचा अंदाज लोक सातत्याने कमी लावतात, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका तो समोरच्याला अधिक सुखावतो, असे त्यांना आढळले. तेव्हा पाठवा. दोन-तीन आठवडे उत्तर आले नाही तर आणखी एकदा, काहीही न मागणारा छोटा निरोप पाठवा: जुना फोटो, तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी, असे काही. त्यानंतरही शांतताच राहिली तर ती मैत्री सध्या बाजूला ठेवा आणि शक्ती इतरत्र वळवा.

भेटीचा प्रकार निवडण्यातही विचार हवा. आठवडा अनिश्चित असेल तर दोघींनीच बाहेर भेटण्याचा बेत जोखमीचा असतो, कारण तुम्ही गेला नाहीत तर ती मुलाला कोणाकडे तरी सोडून, सिटीलिंकच्या बसने येऊन, हॉटेलात एकटी बसलेली असते. अशा आठवड्यात फोनवरची भेट ठेवा किंवा तिच्या घरी जा, म्हणजे बेत फिसकटला तरी तिचे फारसे बिघडत नाही. उलट सहा-सात जणींच्या बेतात तुम्ही आयत्या वेळी सामील झालात किंवा झाला नाहीत तरी कोणाचे अडत नाही. अंजनेरीहून उतरल्यावर मंडळी मिसळ खायला थांबतात ना? तुम्ही साडेदहा-अकराला थेट तिथेच पोहोचा. गड चढता येत नाही म्हणून गटच सोडला पाहिजे, असे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. ते तुम्ही स्वतःच ठरवून टाकले आहे. पहिल्या एक-दोन वेळा चढणीच्या गप्पा ऐकताना गलबलून येईल. तसे झाले तर तासाभराने निघून या, पण पुढच्या खेपेला पुन्हा जा.

आजाराविषयी कोणाला किती सांगावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. आमवाताची एक खास अडचण अशी की ‘वात’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर म्हातारपणीची गुडघेदुखी येते, आणि मग ‘एवढ्या वयात कसला वात? दिसायला तर छान दिसतेस’ हे ठरलेले वाक्य ऐकावे लागते. त्यासाठी दोन-तीन वाक्ये तोंडपाठ ठेवा: ‘हा झिजेचा वात नाही. माझ्या शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण काही दिवस वाईट जातात आणि ते कोणते हे आधी कळत नाही.’ एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि बहुतेकांना ते पुरते. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना यापुढे तपशील देण्याचे कारण नाही. जवळच्या दोघी-तिघींना मात्र आजाराचे नाव सांगून थांबू नका. तो दिवसभरात कसा वागतो तेही सांगा. सकाळी कुकरचे झाकण लावताना काय होते, फळ्यावर लिहून झाल्यावर मनगट कसे ठणकते, थकवा झोपूनही का जात नाही, हे त्यांना कळले तर त्या अंदाज बांधणे सोडतील. माझ्या माहितीतल्या एका बाईंना पाण्याच्या बाटलीचे घट्ट झाकण उघडता येत नसे आणि चारचौघांत कोणाला सांगायचा संकोच वाटे. एकदा त्यांनी मैत्रिणीला ते बोलून दाखवले. त्या दिवसापासून ती मैत्रीण बाटली पुढे ठेवण्याआधी झाकण अर्धे सैल करते, तेही गप्पा चालू असताना, आणि इतर कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

सांगितले की सल्लेही येणार. अमुक काढा घे, तमुक गावच्या वैद्याकडे जा, या इंग्रजी गोळ्यांनी किडनी जाते, त्या बंद कर. सल्ला देणाऱ्याला बहुतेक वेळा काळजीच असते, कारण आपल्या माणसाचे दुखणे पाहून हातावर हात ठेवून बसणे कोणालाच जमत नाही. पण आमवाताची औषधे परस्पर बंद केली तर सांध्यांची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही, म्हणून या बाबतीत भीड ठेवू नका. ‘तुला काळजी वाटते ते कळते गं. औषधांचे मी डॉक्टरांशी बोलूनच ठरवते. तू माझे एवढे कर, गुरुवारी रक्त तपासायला माझ्याबरोबर चल,’ असे म्हणून पाहा. सल्ला थांबतो आणि त्या जागी खरी मदत येते. माणसांना करण्याजोगे काही दिले नाही तर ती स्वतःच काहीतरी शोधून काढतात, आणि ते दर वेळी निरुपद्रवी नसते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला भेटायला येणारी माणसे प्रेमाने शहाळे घेऊन येतात, कारण आजाऱ्याला शहाळे न्यावे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे; पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि मूत्रपिंड काम करत नसेल तर ते रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. अशाच एका गृहस्थांनी शेवटी मित्रांना सांगून टाकले की, शहाळे आणू नका, मशीनवर चार तास पडून राहावे लागते तेव्हा येऊन गप्पा मारा. मित्रांनी आपसांत वार वाटून घेतले. तुमच्याकडेही वाईनरीच्या सहलीत ‘एक घोट घे गं’ असा आग्रह होईल. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध चालू असताना मद्याने यकृतावरचा ताण वाढतो, हे एका वाक्यात सांगा आणि विषय बदला.

मेथोट्रेक्सेटचा उल्लेख आलाच आहे तर एक व्यावहारिक गोष्ट सांगते, जी फार कमी रुग्ण विचारतात. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते, आणि घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ आणि गळाल्यासारखे होते. पुष्कळ जण सोयीचा म्हणून शनिवार निवडतात, म्हणजे कामाचा दिवस वाया जात नाही. पण मग दर आठवड्याला बळी जातो तो रविवारच, म्हणजे माणसे भेटण्याचा एकमेव दिवस. तुमचे असे होत असेल तर वार बदलता येईल का, आणि कसा बदलायचा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मळमळ कमी करण्याचे उपायही त्यांच्याकडे असतात. परस्पर बदल मात्र करू नका, कारण ही गोळी चुकून जास्त वेळा घेतली गेली तर गंभीर धोका होतो. महाविद्यालयाचा सगळा आठवडा तुम्ही नीट पार पाडता आणि उरलेसुरले बळ मैत्रीच्या वाट्याला येते, ही व्यवस्था मी कोणालाच सुचवणार नाही. कामाइतकीच भेटीलाही दिवसातली चांगली वेळ मिळायला हवी, आणि आमवातात ती वेळ बहुधा उशिराची सकाळ किंवा दुपारनंतरची असते.

बरा दिवस उगवला की थकबाकी फेडायला निघू नका. हे सांगणे सोपे आणि पाळणे फार अवघड आहे. त्रास कमी असलेल्या दिवशी घर आवरायचे, राहिलेले पेपर तपासायचे, संध्याकाळी तिघींकडे जायचे, आणि मग पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र मी दर संक्रांतीला पाहते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी असतात, त्यात नाशिकची थंडी, आणि थंडीत सांधे जास्त आखडतात असा बहुतेक रुग्णांचा अनुभव. एका संध्याकाळी एकच घर ठेवा. तिथे जमिनीवर बसता येणार नाही, खुर्ची लागेल, आणि वाकून नमस्कार करायला जमणार नाही, हे यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा. ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपे जाते. बाकीच्यांना ‘तिळगूळ राहिला, पुढच्या आठवड्यात फोनवर तासभर गप्पा मारू’ असे कळवा आणि तो फोन खरोखर करा. टाइप करताना बोटे दुखत असतील तर आवाजातच निरोप पाठवा. आवाजात मायाही अधिक पोहोचते.

आपल्या घरांतली आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी बायका सहसा बोलत नाहीत, आणि माझ्या मते ती फार मोठी आहे. कोणी घरी येणार म्हटले की घर आवरलेले हवे, काहीतरी ताजे केलेले हवे, निदान पोहे आणि चहा तरी हवाच. ते करण्याची ताकद नसली की ‘नको, पुन्हा कधीतरी ये’ असे तोंडून निघते, आणि अशा रीतीने आजारी बाईच्या घरी येणारी माणसेच कमी होत जातात, तेही नेमके तिला बाहेर पडता येत नसताना. या संकोचातून बाहेर पडायला एखादी जुनी, मोकळ्या स्वभावाची मैत्रीण निवडा आणि तिला स्पष्ट सांगा: ‘तू ये. घर पसरलेले असेल, मी गाऊनमध्ये असेन, आणि चहा तूच करायचा आहेस.’ पहिल्या वेळी तुम्हाला सोफ्यावर बसून स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज ऐकताना कसनुसे होईल. साखरेचा डबा कुठे आहे हे तिने दोनदा विचारले की तेही जाईल. ज्या सासूबाईंना किंवा आईला हे आवडणार नाही, त्यांच्याशी आधी पतीने बोलावे. सुनेने किंवा लेकीने बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो, असे मी पाहिले आहे.

तुम्ही लिहिले आहे की ‘आता मी कोणाच्या उपयोगाची राहिले नाही.’ या वाक्याजवळ मला जरा थांबायचे आहे, कारण मैत्री पोखरणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे. तुम्ही आजारी पडलात त्या दिवसापासून मैत्रिणींनी स्वतःची दुःखे तुम्हाला सांगणे बंद केले असण्याची फार शक्यता आहे. ‘हिचेच एवढे चालले आहे, आपले काय सांगायचे’ या विचाराने त्या सासूशी झालेले भांडण, मुलाचे न लागणारे मन, नोकरीतला अपमान, सगळे गिळून तुमची फक्त तब्येत विचारतात. म्हणजे ज्या देवाणघेवाणीवर मैत्री उभी होती तिची एक बाजू बंद पडते, आणि उरते ते समाचाराला येणे. ही बाजू तुम्हालाच उघडावी लागेल. भेट झाली की तब्येतीचे पाच-दहा मिनिटांत सांगून टाका आणि मग म्हणा, ‘आता माझे पुरे. तुझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कधी आहे?’ ती ‘सगळे ठीक’ म्हणून टाळेल, तेव्हा आणखी एकदा विचारा. ऑपरेशनच्या सकाळी फोन करा. तुम्ही शिक्षिका आहात. तिच्या मुलाला आठवड्यातून अर्धा तास फोनवर शिकवण्यासाठी सांधे चांगले असावे लागत नाहीत. दीर्घ दुखणे सोसलेल्या माणसाला ऐकून घेण्याची जी सवय लागते, ती तुमच्या मैत्रिणींना दुसरीकडे सहज मिळणार नाही.

काही माणसे तरीही जातील. ज्यांच्याशी नाते केवळ चढण्यापुरते होते ती चढण्याबरोबर जातील, आणि काही जण आजाराला घाबरूनच दूर होतील. त्यांच्या घरी पूर्वी काय घडून गेले आहे ते आपल्याला दिसत नसते. त्यांच्यावर राग धरून बसण्यात तुमचे बळ घालवू नका. नव्या ओळखींसाठी, जिथे बसून राहणे हीच रीत आहे अशा जागा शोधा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या शहरात आहे. कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम होतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला संध्याकाळी भरते आणि तिथे रोज तीच तीच माणसे दिसू लागली की बोलणे आपोआप सुरू होते. सांध्यांना हालचाल हवीच असते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने कृषीनगरच्या ट्रॅकवर सावकाश चालणाऱ्यांत सामील व्हा. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये अंदाज मांडला की, तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. थोडा थोडा, पण नेमाने मिळणारा सहवास म्हणूनच मोलाचा असतो. रुग्णांचे गटही उपयोगी असतात, कारण तिथे काहीच समजावून सांगावे लागत नाही. मात्र जिथून परतताना दर वेळी आधीपेक्षा जास्त घाबरल्यासारखे वाटते, किंवा जिथे औषधे बंद करण्याचे सल्ले दिले जातात, तो गट सोडून द्या.

आता मरगळीविषयी, आणि हा भाग कृपया काळजीपूर्वक वाचा. आमवाताच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त असते. वेदना आणि झोपमोड हे त्याचे एक कारण. शरीरात चालू असलेल्या दाहाचाही थकव्याशी आणि मनःस्थितीशी संबंध असतो. शिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी झोप आणि चित्त बिघडू शकते, आणि रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा थकवाही नैराश्यासारखाच दिसतो. म्हणून आधी या गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. थकवा, भूक आणि झोप यांवरून तुमच्या बाबतीत नेमका निष्कर्ष काढता येत नाही, कारण ती लक्षणे आमवाताचीही आहेत. त्यापेक्षा स्वतःला हे विचारा: पूर्वी आवडणाऱ्या आणि आजही करता येण्याजोग्या गोष्टींतला रस गेला आहे का? मैत्रिणीचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही का? आपण निरुपयोगी आहोत, इतरांवर ओझे आहोत, हा विचार दिवसातला बराच वेळ पाठ सोडत नाही का? असे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज चालू असेल तर ते नुसते वाईट वाटणे नाही, त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. डॉक्टर बहुधा पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घेतील. तिच्यात १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढची तपासणी करतात. मानसोपचारतज्ज्ञांना आमवाताच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, विशेषतः वेदनाशामकांची, कारण नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर त्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. तुमच्या पत्रातले ‘उपयोगाची राहिले नाही’ हे वाक्य मी हलके धरत नाही. जगणे नको असा विचार एकदाही मनात डोकावला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिले तुमचे पती. ते समजूतदार आहेत आणि सगळे तेच करतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना मित्र आहेत का, हे मात्र पत्रात कुठेच नाही. आजाऱ्याच्या जोडीदाराची मैत्री आजाऱ्याच्याही आधी आटते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो दुखणे सांगत नाही, फक्त कट्ट्यावर जाणे बंद करतो. रोजचे सगळे ऐकून घेणारा माणूस एकच असला तर काही वर्षांनी तो थकतो, आणि थकल्याची लाज वाटून अधिकच गप्प होतो. तुमच्या जवळच्या दोघी-तिघींनी तुमच्या मनातला काही भाग वाटून घेतला तर तुमच्या घरातले बोलणेही आजाराबाहेर येईल. रक्ततपासणीला नेण्याचे काम मैत्रिणीकडे द्या, औषधे आणण्याचे भावाकडे द्या, आणि पतीला आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी द्या, जिच्यात ते मित्रांकडे जातील आणि तुम्ही ‘कधी येणार?’ असा फोन करणार नाही. पहिले काही आठवडे ते ‘गरज नाही’ म्हणतील. त्या संध्याकाळी तुमच्या चहा करणाऱ्या मैत्रिणीला घरी बोलावून ठेवा, म्हणजे त्यांना निर्धास्तपणे बाहेर पडता येईल.